रेघ, चौकोन आणि फुली : संगणकाच्या खिडकीचा इतिहास

संगणकाच्या पडद्यावर उघडणाऱ्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात बहुधा तीन लहान खुणा असतात. पहिली आडवी रेघ, दुसरा चौकोन आणि तिसरी फुली. रेघेवर माउसने टिचकी मारली की चौकट दृष्टीआड होते, पण मिटत नाही. चौकोनावर मारली की ती पडदाभर पसरते, आणि फुलीवर मारली की मिटते. काही संगणकांत हीच तीन कामे डाव्या कोपऱ्यातील पिवळा, हिरवा आणि लाल असे तीन ठिपके करतात. तरुण मंडळींना या खुणांकडे पाहावेही लागत नाही. हात आपोआप तेथे जातो. परंतु ज्यांची हयात फाउंटन पेन आणि टंकलेखन यंत्र यांच्या संगतीत गेली, अशा आपल्या समाजातील अनेक ज्येष्ठांना या खुणा अजूनही चकवतात. लिहीत असलेले पत्र रेघेचा स्पर्श होताच नाहीसे होते, ते हरवले असे समजून नवे पत्र लिहावयास घेतले जाते. आणि घरातील धाकटे कोणी म्हणते, ‘यात अवघड काय आहे? सोपे तर आहे.’

‘सोपे’ या शब्दाचीच तपासणी करावी, असे आम्हांस वाटते. अक्षरे गिरविल्याशिवाय कोणास वाचता येत नाही, हे आपण निमूट मान्य करतो. या तीन खुणांविषयी मात्र त्या पाहताक्षणी कळाव्यात अशी अपेक्षा धरतो. वस्तुतः यातील एकही खूण स्वयंसिद्ध नाही. प्रत्येकीमागे कोणाचा तरी निर्णय आहे आणि काही ठिकाणी तर प्रदीर्घ वाद आहे. हा इतिहास अवघा साठ वर्षांचा आहे. तो पाहिल्यास दोष शिकणाऱ्याचा किती आणि खुणा ठरविणाऱ्यांचा किती, याचा निवाडा करणे सुकर होईल.

प्रारंभी संगणकास खिडकीच नव्हती. आज्ञा टंकलिखित करावयाची आणि उत्तराची वाट पाहावयाची, एवढाच व्यवहार होता. या व्यवहारास वेगळे वळण देणाऱ्यांत अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेचे डग्लस एंगलबार्ट अग्रणी होत. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील एका परिषदेत त्यांनी सुमारे ९० मिनिटांचे प्रात्यक्षिक दाखविले. हातात धरून फिरविण्याचा माउस त्यात जगापुढे आला. त्याचा पहिला नमुना एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास लाकडी ठोकळ्यात घडविला होता. त्या दिवशी पडद्याचे निरनिराळे भाग करून त्यांत निरनिराळा मजकूर दाखविण्यात आला. तथापि एका चौकटीवर दुसरी चौकट ठेवण्याची कल्पना अद्याप यावयाची होती.

ती आली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे. छायाप्रतींच्या यंत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या झेरॉक्स कंपनीने १९७० मध्ये तेथे संशोधन केंद्र स्थापिले. १९७३ मध्ये त्या केंद्रात आल्टो नावाचा संगणक सिद्ध झाला. त्याचा पडदा उभ्या कागदाच्या आकाराचा होता. रुंदीत ६०६ आणि उंचीत ८०८ ठिपके. प्रत्येक ठिपका काळा किंवा पांढरा करता येई. एवढ्या ठिपक्यांची नोंद ठेवण्यासाठी सुमारे ६० किलोबाइट स्मृती लागे, आणि संगणकाची एकंदर स्मृतीच १२८ किलोबाइट होती! म्हणजे निम्मी शक्ती केवळ दाखविण्यात खर्च होई. हा खर्च त्या काळी उधळपट्टी वाटावा असाच होता. परंतु पुढील सारे वैभव त्या ठिपक्यांवरच उभे राहिले.

याच केंद्रात अॅलन के आणि त्यांचे सहकारी ‘स्मॉलटॉक’ या प्रणालीवर काम करीत होते. लहान मुलांनाही संगणक वापरता यावा, ही त्यांची दृष्टी होती आणि शाळकरी मुलांवर त्यांनी प्रयोगही केले. पडदा लहान आणि दाखवावयाचे पुष्कळ, ही त्यांची अडचण होती. मेजावर आपण कागदांवर कागद ठेवतो, हवा तो वर काढतो. तसेच चौकटींचे का करू नये, या विचारातून एकीवर एक येणाऱ्या खिडक्या जन्मास आल्या. जागेचा प्रश्न सुटला, पण त्याच क्षणी एक नवा प्रश्न निर्माण झाला. खालची खिडकी झाकली गेली की ती आहे की गेली, हे पाहणाऱ्याने कसे ओळखावे? मेजावरच्या गठ्ठ्यात खालच्या कागदाची कड तरी दिसते, हाताने चाचपताही येते. पडद्यास जाडीच नसल्यामुळे तो आधार नाही. आमच्या मते खिडकीच्या खुणांचा पुढील सारा इतिहास म्हणजे या एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे होत.

पहिले उत्तर झेरॉक्सनेच दिले, आणि ते नकाराचे होते. १९८१ मध्ये या कंपनीने ‘स्टार’ नावाचा संगणक बाजारात आणला, त्यातील खिडक्या एकमेकींवर न येता फरशीप्रमाणे शेजारी शेजारी बसत. लोक खिडक्या एकमेकींवरून बाजूला करण्यातच बराच वेळ घालवितात, असे निरीक्षण करून रचनाकारांनी हा निर्णय घेतला होता. ज्या घरात ही कल्पना जन्मली त्याच घराने तिच्याकडे पाठ फिरवावी, ही मौज नोंदविण्यासारखी आहे.

दरम्यान १९७९ च्या डिसेंबरात अॅपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्स आपल्या सहकाऱ्यांसह झेरॉक्सच्या केंद्रास भेट देऊन गेले होते. त्या बदल्यात झेरॉक्सला अॅपलचे एक लक्ष भाग दहा लक्ष डॉलरांस घेण्याची मुभा मिळाली होती. त्या मंडळींत बिल अॅटकिन्सन नावाचा तरुण होता. वरची खिडकी हलविताच खालचा झाकलेला भाग आपोआप रेखाटला जातो, असे तेथे पाहिल्याची त्याची समजूत झाली. प्रत्यक्षात आल्टोवर तसे होत नसे. परंतु ‘त्यांना जमले आहे, अर्थी ते शक्य आहे’ या विश्वासाने त्याने ती रीत स्वतः शोधून काढली. जे दुसऱ्याकडे नव्हतेच ते दुसऱ्याकडे पाहिल्याच्या श्रद्धेने घडवावे, असा हा विलक्षण योग. अॅटकिन्सन २०२५ मध्ये निवर्तले.

त्यांच्या या कामावर प्रथम १९८३ चा ‘लिसा’ आणि नंतर २४ जानेवारी १९८४ चा ‘मॅकिन्टॉश’ उभा राहिला. लिसाची किंमत जवळजवळ दहा हजार डॉलर होती, मॅकिन्टॉशची २,४९५. मॅकिन्टॉशच्या खिडकीस माथ्यावर आडव्या रेघांची पट्टी होती. ती धरून खिडकी हलवावयाची. पट्टीच्या डाव्या टोकास एक लहान रिकामा चौकोन होता. त्यावर टिचकी मारली की खिडकी मिटे. खालच्या उजव्या कोपऱ्यात आकार कमीअधिक करण्याची खूण होती. खिडकी तात्पुरती बाजूस सारण्याची खूण मात्र नव्हती. त्या संगणकावर एका वेळी एकच मोठे काम चाले. बाजूस ठेवण्याजोगे दुसरे फारसे नसे. खिडकी क्षणात योग्य आकारास नेणारी आणखी एक खूण १९८६ मध्ये उजव्या टोकास आली.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे, कारण तो आजही अनेकांना अडचणीत आणतो. मॅकिन्टॉशमध्ये आज्ञांची यादी खिडकीत नसून पडद्याच्या माथ्यावर असते. खिडकी म्हणजे एक कागद, आणि काम करणारा कारकून त्याहून वेगळा. कागद मिटला म्हणून कारकून घरी जात नाही. विंडोज प्रणालीत आज्ञांची यादी परंपरेने खिडकीतच राहिली. तेथे शेवटची खिडकी मिटली की बहुधा कारकूनही उठतो. एकीकडून दुसरीकडे जाणारा मनुष्य गोंधळतो तो बुद्धी कमी म्हणून नव्हे. दोन घरांच्या चालीरीती भिन्न आहेत, एवढेच त्याचे कारण.

मायक्रोसॉफ्टने आपली विंडोज प्रणाली २० नोव्हेंबर १९८५ रोजी प्रसिद्ध केली. नावच ‘खिडक्या’, परंतु या पहिल्या आवृत्तीत मुख्य खिडक्या एकमेकींवर येऊ शकत नसत. झेरॉक्सच्या केंद्रातून आलेले स्कॉट मॅकग्रेगर या कामावर होते आणि त्यांचा कल फरशीबंद मांडणीकडे होता. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत खिडक्या एकमेकींवर येऊ लागल्या. ‘मिनिमाइझ’ आणि ‘मॅक्सिमाइझ’ हे दोन शब्दही याच आवृत्तीने रूढ केले. लागलीच, १७ मार्च १९८८ रोजी, अॅपलने मायक्रोसॉफ्टवर दावा दाखल केला. आपल्या रचनेचे १८९ दृश्य घटक उचलले गेले, असे त्यांचे म्हणणे होते. एकमेकींवर येणाऱ्या खिडक्या हा त्यातील एक प्रमुख आक्षेप होता. न्यायालयाने ठरविले की १७९ घटक अॅपलने पूर्वीच्या करारानेच वापरावयास दिले होते, आणि उरलेल्या दहांपैकी बहुतेकांवर कोणाचीच मालकी सांगता येत नाही. १९९५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला आणि वाद मिटला. लिपीतील अक्षरे ज्याप्रमाणे कोणा एकाची नसतात त्याप्रमाणे या खुणाही सार्वजनिक झाल्या.

१९९० मध्ये विंडोजची तिसरी आवृत्ती आली. आपल्याकडील कचेऱ्या आणि प्रशिक्षण वर्ग यांतून अनेकांचा खिडक्यांशी पहिला परिचय याच पिढीच्या प्रणालीने झाला. तिच्यात उजव्या कोपऱ्यात खाली आणि वर तोंड केलेले दोन बाण होते. मिटण्यासाठी मात्र फुली नव्हती. डाव्या कोपऱ्यातील लहान चौकटीवर लागोपाठ दोनदा टिचकी मारावी लागे. हे कोणास सांगितल्याशिवाय कळणे अशक्यच होते. ती जुनी रीत विंडोजच्या अनेक पारंपरिक प्रोग्रॅममध्ये आजही चालते. जुन्या वाड्यात बंद पडलेला दिंडीदरवाजा ढकलल्यास उघडावा तशी! ऑल्ट आणि एफ ४ या कळा एकत्र दाबून खिडकी मिटण्याची रीतही त्याच काळची. ती आयबीएम कंपनीने १९८७ मध्ये घालून दिलेल्या सर्वसाधारण नियमांतून आलेली आहे.

खाली तोंड केलेल्या बाणाने खिडकी लहान केली की ती चित्ररूपाने पडद्याच्या तळाशी जाऊन बसे. परंतु तो तळ इतर खिडक्यांखाली झाकलेला असे. म्हणजे बाजूस ठेवलेली वस्तू ज्या कोनाड्यात ठेवली तो कोनाडाही अदृश्य! पुढील आवृत्तीची तयारी करताना मायक्रोसॉफ्टने सामान्य माणसांना संगणकापुढे बसवून त्यांच्या चुका टिपल्या. या चाचण्यांचा वृत्तान्त केंट सलिव्हन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केला आहे. झाकलेल्या आणि लहान केलेल्या खिडक्या नवख्यांना गोंधळात टाकतात, हे त्यात स्वच्छ दिसून आले. आमच्या दृष्टीने या इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय. माणूस चुकला की त्याला शिकवावे, असे न म्हणता, माणसे एकाच ठिकाणी चुकत असतील तर ते ठिकाणच बदलावे, असा निष्कर्ष येथे काढला गेला.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आली, ती या निष्कर्षाचे फळ घेऊनच. पडद्याच्या तळाशी टास्कबार नावाची एक कायमची पट्टी आली. उघड्या प्रत्येक खिडकीचे नाव तिच्यावर झळकू लागले. खिडकी झाकलेली असो वा लहान केलेली, नाव तेथे असणारच. रेघ, चौकोन आणि फुली ही त्रयी विंडोजमध्ये याच वेळी एकत्र आली. रेघ खालच्या अंगास काढलेली होती, कारण खिडकी खाली जावयाची असे. चौकोनाची वरची कड जाड होती, कारण ते शीर्षपट्टीसह खिडकीचेच चित्र होते. खिडकी लहान करताना तिची शीर्षपट्टी आकसत आकसत खाली पट्टीपर्यंत गेलेली दिसे. ती शोभा नव्हती. ‘मी येथे आहे’ असे ते सांगणे होते. अॅपलने २००० साली प्रथम दाखविलेल्या नव्या प्रणालीत खिडकी दिव्यातील राक्षसाप्रमाणे निमुळती होत तळाच्या पट्टीत शिरे, त्यामागचा हेतूही हाच होता.

फुलीविषयी दोन शब्द. तिचा शोध विंडोजने लावला नाही; नेक्स्ट कंपनीच्या १९८९ मधील प्रणालीतही मिटण्यासाठी फुलीच होती. आपल्या शाळांत फुली म्हणजे चुकलेले उत्तर. मजकुरावर फुली मारणे म्हणजे तो रद्द करणे. त्यामुळे आपल्याकडील नवख्यास ती दाबताना मनात धाकधूक वाटावी, हे स्वाभाविक आहे. रचनाकारांनाही धोक्याची जाणीव होती. विंडोज ९५ मध्ये रेघ आणि चौकोन एकमेकांस चिकटून होते, तर फुली किंचित अंतर राखून होती. २००१ च्या विंडोज एक्सपीत तिला लाल रंग मिळाला. आणि लिहिलेले साठविण्यापूर्वी फुली दाबल्यास ‘साठवावयाचे काय?’ अशी पृच्छा करण्याची रीत पडली. तरीही पसरविण्याच्या खुणेशेजारीच मिटण्याची खूण असणे, हे पाण्याच्या तांब्याशेजारी रॉकेलचा डबा ठेवण्यासारखे आहे, हे आमचे मत कायम आहे.

या सर्व घडामोडी परदेशी असल्या तरी त्यातील एक धागा मराठीपर्यंत येतो. फाँटांच्या साहाय्याने मराठी टंकलेखन पुष्कळ आधीपासून होत असे. परंतु त्यात मजकूर आतून रोमन संकेतांतच साठविलेला असे आणि वरून देवनागरीचा वेष चढविलेला असे. शीर्षपट्टी तो वेष जाणत नसे. त्यामुळे आत शुद्ध मराठी आणि माथ्यावर रोमन नाव, अशी खिडकीची अवस्था होती. २००० साली आलेल्या विंडोज २००० मध्ये युनिकोड संकेतानुसार देवनागरीची सोय झाली, आणि खिडकीच्या कपाळी व तळाच्या पट्टीवर मराठी नाव लिहिणे शक्य झाले. झाकलेल्या खिडकीची ओळख तिच्या नावानेच पटते. ते नाव आपल्या लिपीत असणे ही किरकोळ सोय नव्हे.

रूढी स्थिर झाली असे वाटत असतानाच ती मोडण्याचे प्रयत्न झाले. लिनक्सच्या जगात खिडकीची चौकट सांभाळण्याचे काम स्वतंत्र प्रोग्रॅमकडे असते, त्यामुळे तेथे फेरबदल सुलभ. उबुंटू या लोकप्रिय आवृत्तीने २०१० मध्ये तिन्ही खुणा उजवीकडून डावीकडे नेल्या आणि २०१७ मध्ये पुन्हा उजवीकडे आणल्या. ग्नोम या डेस्कटॉपने २०११ मध्ये रेघ आणि चौकोन काढूनच टाकले. मूळ मांडणीत केवळ फुली राहिली. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये तर पडदा व्यापणारे असे प्रोग्रॅम आले की ज्यांना तिन्हींपैकी एकही खूण नव्हती. वरची कड धरून खालपर्यंत ओढली की ते मिटत. पण हे पडद्यावर कोठेही लिहिलेले नव्हते. स्टार्ट हे बटणही नाहीसे झाले होते. सतरा वर्षे सरावलेले हात एका दिवसात अनोळखी घरात येऊन पडले. लोकांची नाराजी इतकी झाली की २०१३ मध्ये स्टार्टचे बटण परतले, २०१४ मध्ये त्या प्रोग्रॅमना माउस वापरणाऱ्यांसाठी शीर्षपट्टी मिळाली, आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये ते पुन्हा तीन खुणांसह खिडकीत आले.

रूढ संकेत बदलला की जाणता मनुष्य अडाणी ठरतो, याचा अनुभव आपल्या समाजास नवा नाही. होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या दरबारांत ज्या मोडीत कारभार चालला, ती लिपी विसाव्या शतकात मागे पडली. आज अनेक जुन्या घराण्यांत पणजोबांच्या हातचे कागद आहेत आणि ते वाचणारे कोणी नाही. मोडी अवघड होती म्हणून असे झाले नाही. शिकविणे थांबले म्हणून झाले. बाळबोधीचे लाभ आम्हांस मान्य आहेत. परंतु जो संकेत बदलतो त्याच्यावर जुना संकेत जाणणाऱ्यांस पैलतीरी नेण्याचे ऋण राहते, हे विसरता कामा नये. विंडोज ८ च्या कर्त्यांना ते ऋण फेडावे लागले. दप्तरातील मोडीचे ऋण अद्याप फिटलेले नाही.

जुनी कल्पनाही कधी परतून येते. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये चौकोनाच्या खुणेवर माउस क्षणभर ठेवला की खिडक्या शेजारी शेजारी बसविण्याचे नमुने दिसतात. २०२४ मध्ये अॅपलनेही अशी सोय दिली. १९८१ च्या स्टारमधील फरशीबंद मांडणी चाळीस वर्षांनी, ऐच्छिक रूपाने, मागच्या दाराने आत आली. जाणकारांना ज्या प्रश्नाचा निवाडा करावयास चार दशके पुरली नाहीत, तो प्रश्न प्रथमच संगणकापुढे बसलेल्या व्यक्तीने अर्ध्या तासात सोडवावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

म्हणून शिकविणाऱ्यांस आमची एक विनंती आहे. ‘सोपे आहे’ हे वाक्य वर्ज्य करावे. रेघ, चौकोन आणि फुली यांची नावे सांगण्यापूर्वी मिटणे आणि बाजूस ठेवणे यातील भेद सांगावा, आणि बाजूस ठेवलेली वस्तू कोठे जाते ती जागा बोटाने दाखवावी. शिकणाऱ्याने विचारलेला ‘गेले कुठे?’ हा प्रश्न अज्ञानाचा नाही. पालो आल्टोच्या प्रयोगशाळेत एका कागदावर दुसरा कागद ठेवला गेला तेव्हापासून रचनाकार त्याच प्रश्नाचे उत्तर शोधीत आहेत.